एक चष्मा, दोन बिले

276 आणि 2,723. पहिला आकडा वॉर्बी पार्कर या अमेरिकी चष्मा कंपनीच्या दुकानांचा, 2024 च्या अखेरचा. दुसरा लेन्सकार्ट या गुरुग्रामच्या चष्मा कंपनीच्या दुकानांचा, 31 मार्च 2025 चा. दुकानांचे प्रमाण एकास दहा, विक्री मात्र जवळपास सारखी. वॉर्बी पार्करने 2024 मध्ये 77 कोटी 13 लाख डॉलरची विक्री केली. डॉलरला 84 रुपये धरले तर सुमारे 6,480 कोटी रुपये. लेन्सकार्टची 2024-25 मधली विक्री 6,652 कोटी. आदल्या वर्षाच्या तुलनेत पहिली 15 टक्क्यांनी वाढली, दुसरी 22.6 टक्क्यांनी.

नाशिक रोडहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांना तिथे चष्मा तुटला तर काय पडेल, याचे उत्तर या दोन ताळेबंदांत बऱ्यापैकी सापडते.

लेन्सकार्टने त्या वर्षात 2 कोटी 72 लाख नग विकले. नगामागे विक्री 2,446 रुपये. वॉर्बी पार्करचे सक्रिय ग्राहक 25 लाख 10 हजार, आणि ग्राहकामागे वर्षाची विक्री 307 डॉलर, म्हणजे 25,800 रुपये. ही दोन मापे एकमेकांवर चपखल बसत नाहीत, कारण नग म्हणजे ग्राहक नव्हे. तिथला एखादा ग्राहक वर्षात दोन चष्मे घेतो, तपासणीचे पैसे देतो, कॉन्टॅक्ट लेन्सही घेतो. म्हणून दुसरे माप घेऊ. वॉर्बी पार्करचा सर्वांत स्वस्त चष्मा, एका नंबरच्या काचांसह, 95 डॉलरला मिळतो. 2010 साली कंपनीने सुरुवातच या किमतीला केली होती. 95 डॉलर म्हणजे 7,980 रुपये. तिथला तळ हा लेन्सकार्टच्या सरासरीच्या सव्वातीन पट आहे.

आणि ती सरासरीही निव्वळ भारताची नाही. 2,723 पैकी 656 दुकाने परदेशात आहेत. दुकानांमध्ये त्यांचा वाटा 24 टक्के, विक्रीत सुमारे 40 टक्के. ऑनलाइन विक्री वेगळी न काढता भागाकार केला, तर भारतात एका दुकानामागे वर्षाला 1 कोटी 93 लाख रुपये येतात, बाहेर 4 कोटींच्या वर. भारतातल्या नगाची सरासरी 2,446 च्याही खाली असणार, हे यावरून उघड आहे. 2022 मध्ये या कंपनीने जपानच्या ओनडेज या चष्मा कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. त्यामुळे सिंगापूरच्या मॉलमध्ये ओनडेजच्या पाटीखाली चष्मा घेणारा नाशिककर पैसे अखेर गुरुग्रामच्याच कंपनीला देतो, फक्त दर सिंगापूरचा.

फरक कराचा असेल असे आधी वाटते. नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झाला; काचा, फ्रेम आणि कॉन्टॅक्ट लेन्स, सगळ्यांवर. कर 7 टक्केबिंदूंनी उतरला, पण बिल 6.25 टक्क्यांनी: 2,000 रुपयांचा चष्मा 2,240 ऐवजी 2,100 ला. बिननंबरचा गॉगल 18 टक्क्यांतच राहिला. त्याच फ्रेममध्ये नंबरची काळी काच बसवली की दर 5. पाव नंबर असलेल्या माणसाला उन्हाचा चष्मा घेताना तो नंबर आठवायला हरकत नाही.

बाहेरचे दर असे: जर्मनीत 19 टक्के, जपानमध्ये 10, सिंगापूरमध्ये 9 (2022 मध्ये 7, 2023 मध्ये 8). ब्रिटनमध्ये 20, पण फक्त काच-फ्रेमवर. चष्मा बसवून देण्याच्या सेवेचा भाग करमुक्त. अमेरिकेत बहुतेक राज्ये नंबरच्या चष्म्यावर विक्रीकर घेत नाहीत. म्हणजे सर्वांत मोठे बिल जिथे, तिथला कर बहुतेक ठिकाणी शून्य. पर्यटकाला कर परत मिळण्याची सोयही देशागणिक बदलते: सिंगापूरमध्ये 100 सिंगापूर डॉलरपासून, जर्मनीत 50 युरोंच्या वर, ब्रिटनने मात्र 1 जानेवारी 2021 पासून दुकानातल्या खरेदीवरची परतफेड बंद केली. 95 डॉलरच्या चष्म्यावर 10 टक्के परत मिळाले तरी 800 रुपये. सव्वातीन पटीचा फरक त्याने भरून निघत नाही.

मग फरक कशाचा? मोठा वाटा तपासणीचा आणि तिच्याभोवतीच्या कायद्याचा. नाशिक रोडला बिटको पॉइंटपासून स्टेशनपर्यंतच्या बहुतेक चष्म्याच्या दुकानांत नंबर काढून देण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, ते चष्म्याच्या बिलात असतात. तुटका चष्मा काउंटरवर ठेवला, तर दुकानदार काचेवरून नंबर मोजून तसाच दुसरा बनवूनही देतो. अमेरिकेत चष्मा घ्यायला आधी चिठ्ठी लागते, आणि ती तिथल्या परवानाधारकाची असावी असा बहुतेक दुकानांचा आग्रह असतो. तपासणीला विम्याशिवाय शंभर डॉलरच्या आसपास पडतात. 95 मध्ये 100 मिळवा: 195 डॉलर. डॉलर 88 रुपयांचा धरला तर 17,160 रुपये. इथल्या 2,100 च्या आठपट, आणि अजून प्रोग्रेसिव्ह काच, अँटी ग्लेअर वगैरे काही घेतलेले नाही. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत ऑप्टिशियन नसलेल्या दुकानाला प्रौढ ग्राहकासाठी दोन वर्षांच्या आतला लेखी नंबर लागतो. जर्मनीत 2004 पासून सरकारी विमा बहुतेक प्रौढांच्या चष्म्याचे पैसे देत नाही. 2017 मध्ये 6 च्या वर नंबर असलेल्यांना ते अंशतः परत मिळू लागले. परदेशात राहणारी मुले नाशिक रोडला आली की पहिल्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात का जातात, ते एवढ्यावरून कळते.

कायद्याला एक अपवाद आहे, तो चाळिशीचा. मराठीने या दोषाला वयाचेच नाव दिले, आणि चष्म्यालाही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जवळचे नीट न दिसणारे आणि त्यावर उपाय न झालेले 82 कोटी 60 लाख लोक जगात आहेत. त्यांच्यासाठी तयार चष्मे अमेरिकेत औषधांच्या दुकानात फळीवर लटकलेले असतात. ब्रिटनचा कायदा दोन्ही डोळ्यांना सारखा, प्लस 4.00 पर्यंतचा वाचायचा चष्मा बिनचिठ्ठी विकू देतो. लांबचा मायनस 1.00 मात्र चिठ्ठीशिवाय नाही. वडिलांचा वाचायचा चष्मा हरवला तर प्रश्न दहा मिनिटांचा. आईचा लांबचा तुटला तर आधी तपासणीची वेळ घ्यावी लागते.

आता चष्म्याच्या नंबरचे कार्ड. माझ्या पाकिटातल्या कार्डावर उजव्या डोळ्यासमोर लिहिले आहे: मायनस 4.00, सिलिंडर मायनस 1.00, अ‍ॅक्सिस 180. डाव्यासमोर फक्त मायनस 3.75. अमेरिकेतले बरेच नेत्रतज्ज्ञ सिलिंडर प्लसमध्ये लिहितात. त्यांच्या हातून माझाच उजवा डोळा असा उतरेल: मायनस 5.00, प्लस 1.00, अ‍ॅक्सिस 90. तीनही आकडे बदलले, काच तीच. 4 आणि 1 ची बेरीज 5, सिलिंडरचे चिन्ह उलटे, अ‍ॅक्सिस 90 ने सरकलेला. ‘नंबर वाढला’ म्हणून घाबरण्याआधी ही बेरीज करून पाहावी. जर्मनीत दशांश टिंबाऐवजी स्वल्पविराम येतो: 3,75. आपल्याकडे 6/6 म्हणतात, अमेरिकेत 20/20. 6 मीटर म्हणजे जवळपास 20 फूट, एवढाच फरक.

माझ्या कार्डावर एक आकडा नव्हता: दोन बाहुल्यांमधले अंतर. दुकानदार ते मोजतो, काच बसवतो, पण बहुतेक वेळा कार्डावर लिहीत नाही. मागितल्यावर त्याने कपाळासमोर पट्टी धरली, एक डोळा मिटून पाहिले आणि कोपऱ्यात 62 लिहिले. अमेरिकेतही हीच गंमत. 1978 पासूनच्या तिथल्या नियमाने तपासणी झाली की चिठ्ठीची प्रत ग्राहकाला न मागता, फुकट द्यावी लागते; बाहुल्यांचे अंतर त्या चिठ्ठीत असलेच पाहिजे असे तो नियम सांगत नाही.

62 चे महत्त्व फ्रेमच्या काडीवर वाचता येते. माझ्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत आहे: 52, एक छोटा चौकोन, 18, मग 140. काचेची रुंदी 52 मिलिमीटर, नाकावरचे अंतर 18, काडी 140. पहिल्या दोघांची बेरीज 70, म्हणजे फ्रेमच्या दोन काचांचे मध्यबिंदू 70 मिलिमीटरवर. माझ्या बाहुल्या 62 वर. फरक 8, प्रत्येक डोळ्याला 4. काच घासणाऱ्याने हे 4 मिलिमीटर आत घेतले नाहीत, तर मायनस 4.00 च्या काचेत 1.6 प्रिझम तयार होतो: एक मीटरवरची वस्तू 1.6 सेंटिमीटर सरकलेली दिसते. डाव्या डोळ्यात 1.5. दोन्ही डोळे मिळून 3.1, आणि ते दिवसभर ओढून एकत्र आणायचे काम डोळ्यांच्या स्नायूंकडे. नंबर अचूक असूनही ‘नवा चष्मा सोसत नाही’ ही तक्रार यातून येते. नंबर जितका मोठा, तितका हा मिलिमीटर महाग; मायनस 1.00 ला तीच चूक 0.4 प्रिझमची, बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. म्हणून परदेशातून ऑनलाइन मागवताना मोठ्या नंबरवाल्याने हा आकडा अंदाजाने भरू नये.

उलटा रस्ता टपालाचा: चष्मा इथे बनवून मुलाला पाठवायचा. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत शुल्क नसे. ती सवलत 29 ऑगस्ट 2025 ला सर्व देशांसाठी संपली. त्याआधी चार दिवस, 25 ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने तिकडचे बहुतेक पार्सल घेणे थांबवले आणि 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू केले. तेव्हा भारतातून टपालाने जाणाऱ्या मालाला जाहीर किमतीच्या 50 टक्के शुल्क होते, 100 डॉलरपर्यंतची भेटवस्तू मात्र माफ. इथे गणित विचित्र होते. 2,100 रुपयांचा एक चष्मा, 24 डॉलर, भेट म्हणून पाठवला तर शुल्क शून्य. सुनेचा, मुलाचा, दोन नातवंडांचा असे चार चष्मे मिळून 12,000 रुपयांचे एकच खोके केले तर ते 136 डॉलरचे; मर्यादा ओलांडली, शुल्क 6,000. तिथले शुल्कदर वारंवार बदलतात, तेव्हा काउंटरवर त्या आठवड्याचा दर विचारलेला बरा.

टपाल सोडून पुन्हा प्रवाशाकडे वळू. 2024 मध्ये 3 कोटी 8 लाख 90 हजार वेळा भारतीय देशाबाहेर गेले. 2023 मध्ये 2 कोटी 78 लाख 80 हजार. वाढ 10.8 टक्के. यातल्या प्रवाशांच्या पासपोर्टच्या पुस्तिका नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. अमेरिकेच्या व्हिसासाठीचा फोटो मात्र 1 नोव्हेंबर 2016 पासून चष्मा काढून द्यावा लागतो. मायनस 4.00 च्या माणसाला स्पष्ट दिसते ते 25 सेंटिमीटरपर्यंत. फोटो काढताना कॅमेऱ्याचे भिंग कुठे आहे हे मला फोटोग्राफरनेच सांगितले.

राहिला हिशेब दुसऱ्या चष्म्याचा. जाण्यापूर्वी त्याच नंबरचा साधा जोड 2,100 रुपयांत होतो. तिथे गरज पडली तर 17,160. आठांपैकी एकाच प्रवासात चष्मा तुटला तरी बरोबरी होते. ज्याचा त्याहून जास्त वेळा तुटतो, त्याचा फायदाच. हा जोड मोठ्या बॅगेत टाकू नये: विमानवाहतुकीचे आकडे ठेवणाऱ्या सीटा या संस्थेनुसार 2024 मध्ये दर हजार प्रवाशांमागे 6.3 बॅगा चुकल्या, उशिरा आल्या किंवा हरवल्या. 2023 मध्ये 6.9 होत्या. सुधारणा आहे, पण चष्मा हातातल्या पिशवीत, आणि डबीत कागदाची एक घडी: सहा-सात आकडे, कोपऱ्यात 62.