सूर्यकिरणांपासून त्वचेचे रक्षण : मलमाचे सामर्थ्य आणि मर्यादा

सूर्यप्रकाश हा जीवसृष्टीचा आधार होय. तथापि, याच प्रकाशासोबत येणारे अतिनील किरण त्वचेस अपायकारक ठरतात. त्यांतील सर्वांत घातक भाग वातावरणातच शोषला जातो. उरलेल्यांपैकी २८० ते ३२० नॅनोमीटर लांबीच्या लहरींनी त्वचा भाजते, तर ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी अधिक खोलवर जाऊन त्वचा अकाली सुरकुततात. दोन्हींमुळे कर्करोगाचा धोका संभवतो.

यावर उपाय म्हणून वापरले जाणारे सनस्क्रीन मलम कितपत उपयोगी पडते, याची कसोशीने पाहणी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात, नॅम्बोर या गावी करण्यात आली. १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ प्रौढांचे गट पाडण्यात आले. काहींना डोके, मान, हात यांवर रोज मलम लावण्यास सांगण्यात आले. इतरांना ते स्वेच्छेवर सोपविण्यात आले. रोज मलम लावणाऱ्यांत त्वचाकर्करोगाच्या एका प्रकारच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. दुसऱ्या एका प्रकारात मात्र त्या काळात विशेष फरक दिसला नाही.

वेष्टनावरील ‘एसपीएफ’ हा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांपासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. १५ आकड्याचे मलम असे सुमारे ९३ टक्के किरण अडविते, ३० चे ९७ टक्के, तर ५० चे ९८ टक्के. म्हणजेच आकडा दुप्पट झाल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. शिवाय ही मोजणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावून केलेली असते. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतात. घामाने ते निघूनही जाते. म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावणे आवश्यक असते. दुसऱ्या प्रकारच्या किरणांपासूनही रक्षण हवे असल्यास वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असा उल्लेख पाहावा.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य नैसर्गिक ढालीचे काम करते. त्यामुळे आपल्याकडे त्वचेचा कर्करोग तुलनेने कमी आढळतो. परंतु ज्या बालकांत हे रंगद्रव्य जन्मतः नसते वा अत्यल्प असते, त्यांना ही ढाल लाभत नाही. अशा बालकांचे केस व त्वचा फिकट असतात, दृष्टी अधू असते आणि प्रखर उजेड त्यांना सोसत नाही. ही अवस्था संसर्गजन्य नाही. अशा विद्यार्थ्यास भर उन्हात कवायतीस उभे करणे म्हणजे त्याच्या आरोग्याशी खेळ होय. त्याला सावलीत बसण्याची, टोपी घालण्याची व पूर्ण बाह्यांचा सदरा वापरण्याची मुभा शिक्षकांनी आपण होऊन द्यावी. पंचायत सदस्यांनीही शाळेच्या आवारात झाडे लावण्याकडे लक्ष पुरवावे.

सारांश, मलम उपयुक्त आहे. पण ते भरपूर व वारंवार लावले तरच. प्रथम सावली, मग वस्त्र आणि उघड्या राहिलेल्या त्वचेस मलम, हाच क्रम श्रेयस्कर होय.