धावताना की थांबल्यावर?

पहाटे पाचच्या सुमारास कंग्राळीच्या रस्त्याने गेल्यास काळोखात आधी पावलांचा आवाज कानी येतो आणि मग धावणारी मुले दिसतात. बेळगावात १९२२ पासून मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. त्यामुळे या पंचक्रोशीत सैन्यभरती हे केवळ नोकरीचे साधन नसून घराण्याचा अभिमान आहे. सोळाशे मीटरची धाव साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण करणे, हे येथील अनेक मुलांचे दहावीनंतरचे पहिले ध्येय असते.

काही वर्षांपूर्वी असाच एक सतरा वर्षांचा मुलगा वडिलांसोबत माझ्याकडे आला होता. ‘‘डॉक्टरसाहेब, पळताना डोळ्यांपुढं अंधारी येती म्हणतोय. भरती तोंडावर आलीय, कायतरी ताकदीचं द्या,’’ वडील म्हणाले. मुलगा सडसडीत, पहाटे केवळ चहा घेऊन धावणारा. मी घाईत होतो. रक्तवाढीचे औषध लिहून दिले, उपाशीपोटी धावू नकोस म्हणून सांगितले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. दीड महिन्याने तोच मुलगा धावता धावता कोसळला. सुदैवाने काही क्षणांत शुद्धीवर आला. त्या दिवशी मी त्याला जो प्रश्न विचारला, तो पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता: ‘‘अंधारी धावताना येते, की थांबल्यावर?’’

समव्यवसायी मित्रांना हा भेद ठाऊक आहेच. परंतु गर्दीच्या वेळी तोच विसरला जातो. सर्वसामान्य वाचकांसाठी तो थोडा उलगडून सांगतो.

धावताना पायांतील रक्तवाहिन्या विस्फारलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक रक्त हृदयाकडे ढकलत असतात. धावणारा एकाएकी थांबला, की हा पंप बंद पडतो. रक्त पायांत साचते, मेंदूला क्षणभर कमी पडते आणि घेरी येते. उन्हाळा, अपुरे पाणी, उपाशी पोट यांची त्यात भर पडते. तालमीत श्वास रोखून जोर-बैठका मारणाऱ्यांनाही अशीच भोवळ येते. कारण रोखलेल्या श्वासामुळे छातीतील दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते. ही भोवळ बहुधा निरुपद्रवी असते. मुलाला आडवे निजवून पाय उंच करावेत, पूर्ण शुद्धीवर आल्यावरच पाणी द्यावे. धाव संपल्यावर पाच-दहा मिनिटे चालत राहावे. मुलींच्या बाबतीत रक्तक्षय अवश्य तपासावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या होत्या.

उन्हाला मात्र कमी लेखू नये. धावणारा मुलगा असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे आणि त्वरित रुग्णालयात न्यावे. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावण्याच्या चाचणीत कोसळून तरुण उमेदवार दगावले होते, हे विसरता येत नाही.

परंतु पाय चालू असताना, ऐन वेगात डोळ्यांपुढे अंधारी येणे ही निराळी गोष्ट आहे. त्या वेळी हृदयाने अधिक रक्त पुरवायचे असते. ते पुरवत नसेल, तर अडथळा किंवा ठोक्यांचा बिघाड हृदयातच नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू हँक गॅदर्स डिसेंबर १९८९ मध्ये सामना सुरू असताना कोसळला. ठोक्यांतील दोष आढळला, औषध सुरू झाले आणि तो पुन्हा खेळू लागला. ४ मार्च १९९० रोजी तो पुन्हा मैदानावर कोसळला आणि त्याच दिवशी गेला. तो अवघा तेवीस वर्षांचा होता.

माझ्या रुग्णाला मी उकिडवे बसवले, मग उभे केले. उभा राहताच हृदयातील मर्मर ठळक झाली. इसीजी सदोष होता. इकोमध्ये हृदयाचा पडदा जाड झालेला दिसला. सुमारे पाचशे जणांत एकाला आढळणारा हा विकार घराण्यातून उतरतो. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का, असे विचारल्यावर वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘माझा धाकटा भाऊ. नांगर धरल्याला असताना पडला. लोक म्हणाले, बाहेरचं काय तरी झालं.’’

त्या मुलाची भरती संपली, हे सांगणे मला फार जड गेले. तो रडला नाही. ‘‘सर, बहिणीलापण तपासा,’’ एवढेच म्हणाला. तपासणीत बहीण निर्दोष निघाली, वडील बाधित आढळले. आज तो मुलगा औषधे घेतो, नियमित तपासणीस येतो आणि नोकरी करतो.

म्हणून पालकांना विनंती, की धावताना आलेली भोवळ, छातीतील कळ वा धडधड भरती हुकेल या भीतीने लपवू नका. तपासणी होईपर्यंत धावणे थांबवा. कोणी कोसळला, श्वास थांबला, तर कांदा हुंगवत बसू नका. १०८ ला दूरध्वनी करा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा.

आणि डॉक्टर मित्रहो, रक्तवाढीचे औषध लिहिण्यापूर्वी तो एक प्रश्न अवश्य विचारा. उत्तर ‘धावताना’ असे आले, तर निदान इसीजी व इको करा, आणि ते निर्दोष निघाले तरी तेवढ्यावर थांबू नका. काही ठोक्यांचे विकार केवळ श्रमाच्या वेळीच प्रकट होतात. कंग्राळीच्या रस्त्यावर पहाटे पावलांचा आवाज ऐकला, की मला आजही माझी ती पहिली, घाईची चिठ्ठी आठवते.