जामखेडहून नगर, बोस्टनहून नगर

जूनच्या अखेरीस एका रविवारी आमच्या नणंदेचे यजमान घरी आले आणि चहाचा कप हातात धरूनच बसून राहिले. त्यांच्या मुलीला नगरच्या बीएड कॉलेजात प्रवेश मिळाला होता. वसतिगृहात जागाही मिळत होती. आता नुसता होकार द्यायचा होता, आणि तोच त्यांच्या तोंडून निघत नव्हता. शेवटी म्हणाले, "भाभी, पोरीला परमुलखात एकटी कशी सोडू?"

आम्हाला हसू आले, पण आम्ही ते दाबले. जामखेड ते नगर पाऊणशे किलोमीटर. कडा-आष्टीमार्गे एसटीने दोन-अडीच तास. याला परमुलूख म्हणावे का? पण ज्या घरातली मुलगी आजवर एक रात्रही बाहेर राहिलेली नाही, त्या बापाला नगरही परमुलूखच. नकाशावर अंतर किती आहे, यावर ते ठरत नाही.

त्या दिवशी आम्ही त्यांना सिंथिया फरार यांची गोष्ट सांगितली. नगरमध्ये राहणाऱ्या कित्येकांना हे नाव ठाऊक नाही, म्हणून वाचक भगिनींसाठी ती जरा सविस्तर देतो.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो गावचा. पेशाने शिक्षिका. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली होती, आणि अशा शाळांवर देखरेख करायला बाई हवी होती. त्या काळी मिशनतर्फे परदेशी जाणाऱ्या बायका बहुतेक कुणाच्या तरी पत्नी म्हणून जात. सिंथियाबाई अविवाहित होत्या, वय बत्तीस, आणि त्या निघाल्या. जून १८२७ मध्ये बोस्टनहून जहाज सुटले. सुएझचा कालवा तेव्हा नव्हताच, तो १८६९ चा. आफ्रिकेला वळसा घालून, सहा महिने प्रवास करून त्या डिसेंबरच्या अखेरीस मुंबईला पोहोचल्या. भाषा येत नाही, हवा सोसत नाही. त्यांनी आधी मराठी शिकायला घेतली. दोन वर्षांत त्यांच्या देखरेखीखालच्या शाळांत चारशेच्या आसपास मुली येऊ लागल्या. मुलीला शाळेत पाठवणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे मानणाऱ्या काळातली ही संख्या आहे.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. दहा वर्षांत तब्येत ढासळली आणि १८३७ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवले नसते. १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी मुंबईत न थांबता आपल्या नगरला आल्या. पुढची बावीस वर्षे त्या इथेच मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. १८६२ च्या जानेवारीत नगरलाच त्यांचे निधन झाले. आमच्या मते त्यांचे पहिले येणे धाडसाचे होते, पण दुसरे येणे जास्त अवघड. काय सोसावे लागते हे माहीत असताना त्या परत आल्या.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता. नणंदेच्या यजमानांनीही लगेच तेच विचारले. त्याला उत्तर म्हणून पुण्याच्या जोतीराव फुल्यांकडे पाहावे. ते आपल्या मित्राबरोबर नगरला आले, फरारबाईंच्या शाळा पाहिल्या, मुलींना किती चांगल्या रीतीने शिकवले जाते ते पाहून प्रभावित झाले आणि पुण्याला परतून त्यांनी मुलींची शाळा काढली. हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. धर्म त्यांनी घेतला नाही, शिकवण्याची रीत घेतली. चांगली रीत कुठेही मिळाली तरी घ्यावी, हे आपल्या बुजुर्गांनी आपल्याला वेगळे का सांगितले आहे?

१८४८ मध्ये भिडे वाड्यात ती शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. त्यांनी अध्यापनाचे शिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असे चरित्रकार लिहितात. फातिमा शेख यांनीही हे शिक्षण घेतल्याचे सांगितले जाते. पुणे-नगर हे अंतर १२० किलोमीटर. नगरला रेल्वे आली १८७८ मध्ये, म्हणजे तेव्हाचा प्रवास बैलगाडीचा.

फातिमा शेख यांच्याबद्दल आणखी थोडे. जोतीरावांना वडिलांचे घर सोडावे लागले तेव्हा पुण्याच्या गंज पेठेत या दांपत्याला उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा या उस्मान शेखांच्या भगिनी. जानेवारी २०२५ मध्ये फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, असा गलका समाजमाध्यमांवर उठला. आमच्या शाळेतल्या मुलींनीही येऊन विचारले, मॅडम, खरे काय? आम्ही त्यांना सावित्रीबाईंचे १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र दाखवले. सावित्रीबाई आजारी असल्याने माहेरी नायगावला होत्या आणि तिथून जोतीरावांना लिहीत होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमांवर किती काम पडले असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. एक ओळीचा उल्लेख, पण बरोबर काम करणाऱ्या बाईबद्दलच असे लिहिले जाते. मुलींना ते पटले.

नणंदेच्या यजमानांनी सगळे ऐकून घेतले. "ती बाई मेम होती, भाभी," एवढेच म्हणाले आणि उठले. आमची सारी गोष्ट पाण्यात गेली असे वाटले. तिसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला, फी भरली म्हणून.

मुलगी गेली आणि खरी परीक्षा पुढेच होती. तिचे शिक्षण दहावीपर्यंत उर्दू माध्यमाचे. सराव पाठ मात्र मराठी शाळेत मिळाले. पहिल्याच पाठाला ती "फल्याकडे बघा" म्हणाली आणि चाळीस पोरे खदखदून हसली. आपल्या घरांत 'ळ' जिभेवर येत नाही, हे उर्दू शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रात्री ती फोनवर रडली. मेसमधले रोजचे पातळ वरण, खोलीतल्या तिघी अनोळखी, त्यात हे. "मुमानी, मी परत येते."

परत ये, असे आम्ही म्हणालो नाही, आणि राहाच, असेही नाही. एवढेच सांगितले, की उद्या त्याच वर्गात जाऊन मुलांना म्हण, मला ळ शिकवा. तिने खरेच तसे केले. मुलांनी आठवडाभर तिच्याकडून फळा, शाळा, कावळा, बाभळीचे झाड वदवून घेतले. बदल्यात तिने त्यांना आपली नावे उर्दूत लिहायला शिकवली. पाठ टाचणाच्या वहीवर मार्गदर्शक सरांनी या खेळाला तांबड्या शाईत 'उत्तम' लिहिले, ते तिने फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

ज्या भगिनींच्या मुली यंदा बाहेरगावी निघतील त्यांना अनुभवाचे दोन शब्द. पहिला महिना रोज रात्री फोन करा, पण "कंटाळा आला का" असे विचारू नका. आज वर्गात काय झाले ते विचारा. आणि पंधरा दिवसांनी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन या. आम्ही गेलो तेव्हा डबा दिला आणि तिच्या खोलीतल्या मुलींनाही बसवून घेतले. एक पारनेरची, एक श्रीगोंद्याची, एक कोपरगावची. तिघींनी बिर्याणी चाटून-पुसून संपवली आणि पुढच्या वेळी मांडे आणू म्हणाल्या.

गेल्या महिन्यात नणंदेचे यजमान स्वतः नगरला गेले. लेकीला भेटून झाल्यावर, तिने सांगितले, अब्बा म्हणाले, ती अमेरिकेची बाई कुठे राहायची, ते दाखव. तिला कुठे ठाऊक होते? ती त्यांना ह्यूम मेमोरियल चर्चच्या रस्त्याने घेऊन गेली. दोघे बाहेरूनच थोडा वेळ पाहत उभे राहिले. मग त्यांनी घड्याळ पाहिले आणि विचारले, जामखेडची शेवटची गाडी किती वाजता आहे, आणि दुसऱ्या वर्षाची फी कधी भरायची.