उपवासाच्या दिवशीं यकृतांत काय घडतें ?

एकादशीस पोट रिकामें असतें, तेव्हां शरीराच्या आंतील व्यवहारहि थंडावत असतील, अशी पुष्कळांची समजूत असते. यकृताच्या बाबतींत ती खरी नाहीं. (साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास येथें अभिप्रेत नाहीं, निराहार उपवासच घ्यावा.)

आपल्या पेशींत सूक्ष्मनलिकांचें जाळें पसरलेलें असतें. नलिकेचा व्यास सुमारें 25 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चाळीस हजारावा अंश. आमच्या कोराडीच्या वीजकेंद्रांत पट्टा सरकतो व त्यावरील कोळसा स्वस्थ पडून भट्टीपर्यंत जातो. पेशींत याच्या उलट आहे. नलिका हा स्थिर मार्ग, आणि त्यावरून प्रथिनांचे हमाल ओझें घेऊन चालत जातात. कायनेसिन नांवाचा हमाल 1985 सालीं अमेरिकेंत माकुळाच्या मज्जातंतूंत सांपडला. त्याचें एक पाऊल 8 नॅनोमीटरांचें. प्रत्येक पावलास ए. टी. पी. या इंधनाचा एक रेणु खर्ची पडतो. हा बहुधा पेशीच्या कडेकडे जातो. दुसरा हमाल डायनीन हा मध्याकडे चालतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. रूप मल्लिक व त्यांचे सहकारी यांनीं, प्रकाशाच्या चिमट्यांत ओझें धरून, या हमालांचें बळ मोजलें. एकटा डायनीन कायनेसिनहून दुबळा. परंतु अनेक डायनीन जुंपले म्हणजे पुढचा भाराखालीं मंदावतो, मागचे त्यास येऊन मिळतात व भार सर्वांत वांटला जातो, असें 2013 सालीं त्यांनीं दाखविलें. मल्लिक यांस 2018 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

पण आम्हांस अधिक नवल वाटतें तें त्यांच्या यकृतावरील कामाचें. पोट भरलेलें असतां इन्सुलिनच्या प्रेरणेनें कायनेसिन चरबीचे थेंब पेशीच्या कडेकडे ओढून नेतो आणि ती चरबी रूपांतर पावून रक्तांत जाते. उपवासांत शरीरांतील सांठ्याची चरबी यकृताकडे लोटते. ती सर्व तशीच पुढें गेली असती, तर रक्तांत चरबीचा पूरच आला असता ! तसें होत नाहीं. इन्सुलिन उतरतें, कायनेसिन थेंबांवरून सुटतो, आणि थेंब यकृतांतच थांबतात. माल वाढला असतां हमाल काढून घ्यावयाचे, हा व्यवहार प्रथमदर्शनीं उफराटाच दिसतो.

हे प्रयोग उंदरांवरील आहेत. मधुमेहाचें औषध घेणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांनीं उपवासाविषयीं डॉक्टरांसच विचारावें. उपाशी उंदरांस इन्सुलिन टोंचलें, तेव्हां कायनेसिन पुन्हां थेंबांवर येऊन जुंपला गेला.