गावाची वही कुणी लिहिली?

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात अंगणोअंगणी बाळहिरडा वाळत पडलेला दिसतो. कोवळा असतानाच तोडलेला हिरडा उन्हानं काळा, टणक होतो, व्यापारी तो किलोवर घेतो आणि पुढे त्याची औषधं होतात. तोडणाऱ्याच्या हातात मेहनतीचे पैसे पडतात. पण ज्या डोंगरानं ते झाड पोसलं, त्याच्या वाट्याला काय? काहीतरी यावं अशी सोय कायद्यानं केली आहे, आणि ती वसूल करायचा अधिकार गावातल्याच एका समितीला दिला आहे. बहुतेक गावांना त्या समितीचं नावही माहीत नाही.

तिचं नाव जैवविविधता व्यवस्थापन समिती. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 41 नुसार ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेनं ती नेमायची असते. 2004 च्या नियमांनी तिची रचना ठरवली होती: एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला. इंग्रजी आद्याक्षरं घेतली तर हिलाही 'बीएमसी'च म्हणतात. मुंबईतली थोरली बीएमसी सगळ्यांना ठाऊक, ही धाकटी कुणालाच नाही.

धाकटीचे अधिकार मात्र अगदीच किरकोळ नाहीत. तिच्या हद्दीतल्या वनस्पती, प्राणी, बियाणं यांच्या वापराबद्दल निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला किंवा राज्याच्या जैवविविधता मंडळाला तिचा सल्ला घ्यावाच लागतो. महाराष्ट्राचं मंडळ 2012 पासून नागपुरात आहे. व्यापारासाठी माल गोळा करणाऱ्याकडून समिती शुल्क घेऊ शकते. सल्ला घेणं बंधनकारक आहे, तो मानणं नाही, ही यातली मेख. शिवाय वाळू महसूल खात्याकडे, जंगल वनखात्याकडे. गावाला जंगलावर खरा हक्क हवा असेल तर वनहक्क कायद्याची वाट धरावी लागते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं ती धरली आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळवला.

मग समितीच्या हातात उरतं काय? एक वही. लोकजैवविविधता नोंदवही. ती तयार करणं हेच तिचं मुख्य काम. गावात कोणती झाडं आहेत, ओढ्यात कोणते मासे मिळतात, भाताच्या कोणत्या जुन्या जाती अजून कुणाच्या कणगीत आहेत, कोणता पाला कशावर चालतो हे कुणाला ठाऊक आहे, आणि वीस वर्षांपूर्वी दिसणारं काय आता दिसत नाही, हे सगळं त्यात यायला हवं. ही कल्पना रुजवणाऱ्यांत परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. गुराख्याला आणि कोळणीला जे दिसतं तीही शास्त्राचीच सामग्री आहे, असा त्यांचा आग्रह.

प्रत्यक्षात कायदा झाल्यावर दीड तप बहुतेक ठिकाणी ही वही उघडलीच गेली नाही. शेवटी राष्ट्रीय हरित लवादानं ऑगस्ट 2019 मध्ये राज्यांना 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली. त्यानंतर दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील, अशी तंबीही दिली. मग काय विचारता! काही महिन्यांत राज्याराज्यांत नोंदवह्यांचं पीक आलं. देशात आज अडीच लाखांहून जास्त समित्या कागदावर आहेत. पण एवढ्या घाईत गावातली म्हातारी माणसं शोधून, त्यांच्यासोबत वर्षभर रान फिरून वही लिहिणं कुठून व्हायचं? डोंगरातल्या गावाची यादी मैदानातल्या गावाच्या यादीवरून उतरवली, तर ती वही गावाची राहत नाही. तिच्या जोरावर ना व्यापाऱ्याकडे शुल्क मागता येतं, ना मंडळाला ठाम सल्ला देता येतो. आपल्याकडे काय आहे हेच सांगता आलं नाही, तर राखणार काय?

जिथे धागा जुळला, तिथे पैसा आलाही. तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातल्या अमरचिंता गावच्या हद्दीतून हैदराबादच्या एका कंपनीनं 2,000 किलो कडुनिंबाचा पाला जपानला पाठवला. त्यापोटी तिला 55,035 रुपये भरावे लागले. त्यातली काही रक्कम गावच्या समितीला रोपं लावण्यासाठी मिळाली. रक्कम लहानच. पण कडुनिंबाच्या पाल्याचेही गावाला पैसे मिळू शकतात, हे त्यातून दिसलं.

पैशापलीकडचंही एक कलम आहे, 37 वं. स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य सरकार जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. आंबोलीच्या हिरण्यकेशी देवळाच्या कुंडातल्या एका लहानशा माशाची विज्ञानात नोंद झाली 2020 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ती जागा वारसा स्थळ झाली. सिंधुदुर्गातच दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे, तिलाही हा दर्जा मिळाला. दोन्ही जागा देवाच्या नावानं टिकल्या होत्या. सरकारी शिक्का नंतर बसला.

या कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनं आयुष वैद्यांना आणि लागवडीखालच्या औषधी वनस्पतींना सवलती दिल्या, तुरुंगवासाऐवजी दंड आणला. हे उद्योगांच्या सोयीचं झालं, असं माझं मत आहे. माल रानातला की शेतातला, हे ठरवायलाही पुन्हा गावाची नोंदच लागणार.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत नोंदवही मागा. समितीचे सदस्य कोण, तेही विचारा. तुमच्या ओढ्याचं, देवराईचं, आजीच्या भाताच्या वाणाचं नाव त्यात आहे का ते बघा. ही वही एकदा लिहून कपाटात ठेवायची नसते, तिच्यात भर घालता येते. नाव नसेल तर येत्या ग्रामसभेत तो विषय मांडा.