चाळीस पत्रिका, एक ताव

हाताने निमंत्रणपत्रिका करायची ठरली की बहुतेकजण आधी नक्षीचा कागद पसंत करतात आणि मग त्यावर मजकूर कुठे बसवायचा ते पाहतात. मला हे उलटं वाटतं. आधी पत्रिका कोण वाचणार ते ठरवावं. कागद त्यानंतर.

आमच्या ताईच्या लग्नाची छापील पत्रिका इंग्रजीत होती. बेळगावातल्या आम्हा कॅथलिक घरांत हे नेहमीचंच. पण आज्जी, चर्चमधल्या तिच्या मैत्रिणी, गल्लीतल्या काकू, खेड्यावरचे पाहुणे ही सगळी मराठी वाचणारी माणसं. प्रत्येक लग्नाची पत्रिका ती कुणाकडून तरी वाचून घेतात. आज्जी म्हणाली, "माझ्या नातीची पत्रिका मी दुसऱ्याकडनं का वाचून घ्यायची?" म्हणून या मंडळींसाठी चाळीस मराठी पत्रिका घरी करायच्या ठरल्या.

खरं डोकं मजकुरानेच खाल्लं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आपल्या घरात चालत नाही, आणि इंग्रजीचं शब्दशः मराठी केलं तर कोर्टाची नोटीस वाटते. शेवटी 'परमेश्वराच्या कृपेने' अशी सुरुवात केली, मिस्साची वेळ आणि रोसची संध्याकाळ वेगवेगळ्या ओळींत घेतली. काकूंना रोस म्हणजे काय ते कळावं म्हणून खाली एक ओळ दिली: नारळाचं दूध लावण्याचा कार्यक्रम, आपल्या हळदीसारखा. ती ओळ मला आजही पूर्ण पत्रिकेतली सगळ्यात चांगली ओळ वाटते.

आता कागद. आम्ही अबरी घेतला. फारसीत 'अब्र' म्हणजे ढग. पाण्यात मेथीच्या दाण्यांचा किंवा तसला दुसरा चिकट रस करून त्यावर रंग तरंगवतात, काडीने किंवा फणीने फिरवतात आणि वर अलगद कागद टेकवून नक्षी उचलतात. तुरटीचं पाणी आधी लावलेलं असलं की रंग कागदाला धरून राहतो. तुर्कस्तानात याच कलेला एब्रू म्हणतात. २०१४ साली युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. पण आपल्याला तितकं लांब जायला नको. १७व्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरीतून नुसती किनार नाही, तर घोडे आणि माणसं उभी केली. जुन्या जाड रजिस्टरांच्या पुठ्ठ्यावर लाटांसारखी नक्षी पाहिली असेल, ती याच घराण्यातली.

अबरीची गंमत अशी, की एकदा उचललेली नक्षी पुन्हा तशीच येत नाही. त्यामुळे चाळीस पत्रिकांपैकी कुठल्याही दोन सारख्या दिसत नाहीत. पण तिची अडचणही तीच: नक्षी सतत हलल्यासारखी दिसते आणि त्यावर अक्षर ठरत नाही. देवनागरीला तर जास्तच त्रास. आपल्या अक्षराला वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी-मात्रा, खाली उकार. आडव्या लाटा शिरोरेषेत मिसळल्या की 'रवि' आहे की 'रवी' ते शोधत बसावं लागतं. म्हणून नक्षीवर एकही अक्षर नाही, हा नियम मी केला. मजकूर साध्या मोतिया रंगाच्या कार्डावर, काळ्या शाईत, १६ पॉइंटात, ओळींत दीडपट अंतर ठेवून. सोनेरी शाई दुकानात छान दिसते, मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाही.

मग नक्षी कुठे? घडीच्या कडेला, पुस्तकाच्या पाठीसारखी. साडेसहा सेंटिमीटर रुंद पट्टी घडीवरून मागे वळवली की थोडी पुढे दिसते, थोडी मागे. हिशेबही जमतो. हातकागदाचा मोठा ताव साधारण ५६ × ७६ सेंमीचा असतो. रुंदीत आठ पट्ट्या आणि उंचीत पाच, म्हणजे एका तावात चाळीस! कडा छाटायलाही जागा उरते. कार्डासाठी २२० जीएसएमचे वीस ए-फोर कागद घेऊन मधोमध कापले. प्रत्येक अर्ध्याला घडी घातली की १०५ × १४८ मिमीची पत्रिका होते आणि सी-सिक्स पाकिटात बसते.

यंत्रावर बनलेल्या कागदाच्या तंतूंना दिशा असते. कार्ड दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. जिकडे ते कमी विरोध करतं, त्याच रेषेत घडी यायला हवी. नाहीतर घडीवर कागद तडकतो. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलने स्टीलच्या पट्टीला धरून आधी रेघ दाबायची, मग घडी. छपाई मात्र पट्टी चिकटवायच्या आधीच उरकायची, नाहीतर प्रिंटरमध्ये सगळं अडकतं.

डिंकापेक्षा खळ बरी. एक चमचा मैदा, पाच-सहा चमचे पाणी, मंद आचेवर गुठळी न होऊ देता ढवळायचं. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात. ते विषारी असतं, घरात नको. खळ पट्टीला पातळ लावून मिनिटभर थांबायचं. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि कार्डालाही ओढून वाकडं करतो. आधी पुरता फुगू दिला तर सुरकुत्या कमी पडतात. नंतर कोऱ्या कागदांत घालून रात्रभर वजनाखाली. वर्तमानपत्र नको, शाई उठते. वजनाला मी आपल्या अभ्यासक्रमातली सगळी पुस्तकं वापरली. परीक्षेआधी ती एवढी उपयोगी कधी पडली नव्हती.

दोघी बहिणी आणि आज्जी मिळून हे काम तीन संध्याकाळी चाललं. पाकिटावरची नावं आज्जीने स्वतः लिहिली, जुन्या वळणाच्या अक्षरात, प्रत्येकाच्या नावापुढे 'यांसी' घालून.

मंडळाच्या २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाच्या पत्रिका यंदा अशाच कराव्यात असं मी बैठकीत सुचवलं आहे. माझ्याकडे अबरीचा एक ताव शिल्लक आहे, निळा. ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी नाव द्यावं. खळ मी आणीन.