भांडणाच्या पोटातला संवाद

एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’ची सुरुवात भांडणाने होते. समोरासमोर येताच तुर्क हिंदूला काफर म्हणतो, हिंदू विटाळाच्या भीतीने त्याला दूर हो म्हणतो, आणि मग दोघे ग्रंथ, देव, देवळे, मशिदी, ताटे, सुऱ्या अशा सगळ्यांवर घसरतात. ‘तुर्क’ म्हणजे त्या काळच्या बोलीत मुसलमान. तो दखनी वळणाच्या हिंदीत बोलतो, हिंदू मराठीत. मध्ये दुभाषी कोणी नाही आणि लागतही नाही. सोळाव्या शतकातल्या पैठणला दोन्ही बोली कानावरच्या होत्या.

तुर्क म्हणतो, तुमचा देव चोऱ्या करतो, गुरे राखतो, तुमच्या पुराणांतले देव बंदिवासात पडतात. अशा देवांना हात काय जोडता? हिंदू उलट विचारतो, देव सगळीकडे आहे म्हणता, मग त्याला एवढ्या मोठ्याने हाक का मारावी लागते? मूर्ती दगडाची म्हणून हसता, आणि पीराच्या थडग्यावर फुले वाहता ती कशाला? कोंबडीची मान कापून तिला स्वर्गात पाठवत असाल तर तिच्या आधी स्वतः का जात नाही? यावर तुर्क जेवणाच्या पंगतीकडे बोट दाखवतो. एकाच्या ताटातले शीत दुसऱ्याच्या ताटात उडाले तर तुम्ही एकमेकांचा गळा धरता, असे त्याचे म्हणणे.

हा शेवटचा टोला तुर्काच्या तोंडी असला तरी तो एकनाथांचाच आहे. श्राद्धाचे अन्न महारांना वाढल्याची जी कथा त्यांच्याविषयी सांगितली जाते, तिच्यातही सोवळ्या पंगतीचाच प्रश्न आहे. ब्राह्मण आणि महार यांच्यातला संवादही त्यांनी भारुडात घातला. स्वतःच्या समाजाला जे ऐकवायचे ते परक्याच्या तोंडून ऐकवायचे, ही या रचनेतली खरी युक्ती. वरवर पाहता दोन धर्मांची कुस्ती चालली आहे. आत प्रत्येकजण स्वतःकडे पाहतो आहे. शेवटी दोघांच्या लक्षात येते की ज्याच्यासाठी भांडलो तो एकच आहे. ते एकमेकांना नमस्कार करतात, आलिंगन देतात. कोणी हरत नाही, कोणी धर्म बदलत नाही, आणि आधी बोललेला एकही कठोर शब्द कोणी मागे घेत नाही. आजच्या सर्वधर्मसभांत जे गोडगोड बोलले जाते, त्यापेक्षा हे कितीतरी धीट आहे.

असे लिहिण्याइतकी ओळख कुठून आली, हे एकनाथांच्या भोवतालावरून कळते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीच्या चाकरीत, देवगिरीच्या किल्ल्यावर होते. जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून परंपरा चांद बोधले यांचे नाव घेते, आणि त्यांची देवगिरीच्या पायथ्याची समाधी दर्ग्याच्या घाटाची आहे. याच परंपरेत पुढे श्रीगोंद्याचे शेख महंमद झाले. जन्माने मुसलमान, आणि ‘योगसंग्राम’ हा मराठी ओवीग्रंथ लिहिणारे. दख्खनमध्ये दोन धर्मांची माणसे एकाच दरबारात चाकरी करत, एकाच बाजारात घासाघीस करत आणि एकाच साधूच्या पायाशी बसत. टोमणा मारायला ओळख लागते, आणि ती इथे भरपूर होती.

गोव्यात त्याच सुमारास वेगळे घडत होते. इंग्लंडात १५४९ साली जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, तिथेच राहिले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची मांडणीही प्रश्नोत्तरांची आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे गेली, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही का देत नाही? या प्रश्नातले दुःख खरे आहे. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. विचारणाऱ्यामागे पडकी देवळे होती आणि उत्तर देणाऱ्यामागे पोर्तुगीज सत्ता. हा संवाद बरोबरीचा नव्हता, हे विसरून ‘क्रिस्तपुराणा’चे नुसते कौतुक करणे बरे नाही.

तरी कौतुक करण्याजोगे बरेच उरते. स्टीफन्सनी मराठी ओवी घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि श्रोत्यांना ओळखीच्या वाटणाऱ्या पुराणाच्या चालीवर येशूची कथा सांगितली. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या आजही शाळेच्या पुस्तकांतून भेटतात. दुसऱ्याचा धर्म खोडून काढायला आलेला माणूस त्याच्या भाषेच्या प्रेमात पडला, आणि सांगणाऱ्याची भाषा बदलली की सांगणेही थोडे बदलते. वैकुंठ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात जे उभे राहते, ते लॅटिन शब्दाने उभे राहिले नसते.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि वादाला नवा जोर चढला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. मोरभट दांडेकरांनी त्यांच्याशी जाहीर वाद केला आणि १८३१ मध्ये ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक काढले. विल्सननी त्याला पुस्तकानेच उत्तर दिले. दोन्ही पुस्तकांत मुख्यतः दुसऱ्याच्या ग्रंथांतली व्यंगे मोजलेली आहेत.

त्याहून रंगतदार प्रकार १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर घडला. महाडजवळच्या शिरवलीचे विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी, किनाऱ्यावर व्याख्याने देत आणि मिशनऱ्यांचे प्रश्न घेत. आठवड्याच्या ठरल्या संध्याकाळी वाळूत गर्दी जमे. समोरच्या बाजूला अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन असत. त्यांनी या चर्चांचा वृत्तान्त त्याच वर्षी इंग्रजीत छापला. मराठी वृत्तान्त बुवांच्या मृत्यूनंतर ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने निघाला. पूर्वी कस्टमात चाकरी केलेला, इंग्रजी न शिकलेला हा माणूस भर गर्दीत मिशनऱ्यांना उलट प्रश्न विचारतो, याचेच लोकांना अप्रूप होते. मात्र किनाऱ्यावरच्या गर्दीला निकाल हवा असतो. त्यामुळे दोन्ही वृत्तान्तांत आपापली बाजू जिंकलेली दिसते.

गर्दीपासून दूर, पत्रांतून, याच काळातला सर्वांत प्रामाणिक वाद झाला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यांची आध्यात्मिक जबाबदारी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे होती. दोघींचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नाहीत, असे रमाबाई विचारतात. लॅटिन त्यांना येत नाही आणि त्यांच्या देशबांधवांनाही येत नाही. अंडे घातलेले पुडिंग त्या खात नाहीत. सिस्टरना तो जातीचा ताठा वाटतो. रमाबाईंना तो वाटत नाही, आणि वाटला तरी आपल्या ताटात काय असावे हे ठरवायचा हक्क त्या सोडत नाहीत. येशूचे वचन मान्य, पण चर्चने सांगितले म्हणून प्रत्येक सिद्धान्त मान्य नाही, ही त्यांची भूमिका. पुण्यातल्या सनातन्यांना त्या बाटलेल्या वाटत, आणि वाँटेजच्या मठात हट्टी. धर्म बदलूनही बुद्धी गहाण न ठेवणारी बाई दोन्हीकडे अडचणीची ठरली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. क्रूसावरच्या अक्षरांचा प्रश्न विचारणारीला हेच काम सुचावे, हे ओघानेच आले.

रमाबाईंच्या बाजूने उभे राहिलेल्यांत जोतीराव फुले होते. त्यांच्या लेखनालाही प्रश्नोत्तरांचीच आवड. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा धोंडीबा आणि जोतीराव यांच्यातला संवाद आहे. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहिलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघाले. त्यात एका घराची कल्पना आहे. घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचून, वाटल्यास, तो धर्म घ्यावा. नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे. मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे. मुलाने सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारावा. आणि या चौघांनी एकमेकांचा हेवा न करता, सगळे एकाच निर्मिकाची, म्हणजे निर्मात्याची, लेकरे म्हणून गोडीने एकत्र नांदावे.

या घरात बाई आधी येते, मुलगी मुलाआधी. प्रत्येकाने ग्रंथ वाचून ठरवायचे आहे, घरच्या कर्त्याने सांगून नाही. धर्मस्वातंत्र्याचे तत्त्व इतरांनीही मांडले. फुल्यांनी ते एका छपराखाली आणून बसवले. अशा घरात चूल एक असणार की चार, हे मात्र त्यांनी लिहिलेले नाही.

ते लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. घरच्यांनी लक्ष्मीबाईंना माहेरच्या बाजूला ठेवून घेतले आणि नवरा-बायको काही वर्षे दुरावले. पुढे त्या नगरला आल्या त्या सोवळे घेऊनच. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. उपदेशाने हे सुटले नाही. एके दिवशी त्या स्वतःच विचार करू लागल्या की देवानेच जाती केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांत जसा जातीजातीत फरक दिसतो तसा माणसांतही दिसायला हवा होता. तसा तो दिसत नाही, म्हणजे हे काम माणसाचे. तिथून पुढे कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला त्यांना हरकत उरली नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. आधी माठ सुटला, मग धर्म बदलला.

टिळकांनी नंतर मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत. दोनच वर्षांनी टिळक गेले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्यांत टिळकांचा तापटपणा आहे, त्यांची काव्ये आहेत, नगरचा दुष्काळ आणि प्लेग आहे. आणि वेगळ्या चुलीच्या त्या दिवसांविषयी लिहिताना लक्ष्मीबाई सर्वांत जास्त हसतात त्या स्वतःलाच.